तीळ

स्टुडिओचं शटर भर दुपारी अर्ध्यावर ओढलेलं आक्काने याआधी पाहिलं होतं ते वडील, आप्पा, गेले तेव्हा, आणि पुढे धाकट्या भाऊने आपला वाटा मागितला तेव्हा. आज कुणी गेलं नव्हतं आणि वाटून घ्यायला काही उरलंही नव्हतं. तरी शटर खाली होतं. गिऱ्हाइकांच्या बाकावर घरचीच माणसं अशी दाटीवाटीने बसली होती, की बाहेरच्याला वाटावं पासपोर्टच्या फोटोसाठी रांग लागली आहे. एकमेकांकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

"पुन्हा वाच," भाऊ म्हणाला.

"वाचलं ना काका मघाशी."

"मग अजून एकदा वाच. माझे डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत."

सूनबाईने मोबाइल उचलला. शाळेत मुलांना शिकवणारी बाई ती, एरवी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा. आज तो या बाकाच्या टोकापर्यंतही जात नव्हता. सासऱ्यांच्या, म्हणजे दादाच्या, ऑपरेशनसाठी लोकांकडे ऑनलाइन मदत मागायची, ही कल्पना तिचीच. मजकूरही तिनेच लिहिलेला. आता ते आवाहन चालवणाऱ्या कंपनीचं पत्र वाचायची पाळीही तिच्यावरच आली होती.

"'आपल्या आवाहनातील छायाचित्राबद्दल आमच्याकडे तक्रार आली आहे. तक्रारदाराच्या म्हणण्यानुसार संबंधित गृहस्थ मागच्याच महिन्यात तक्रारदाराच्याच मुलीच्या लग्नात फोटो काढत होते व ठणठणीत दिसत होते. छायाचित्र बनावट असल्याचा संशय आहे. आज संध्याकाळपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास जमा रक्कम देणाऱ्यांना परत करण्यात येईल.'"

'परत' म्हटल्याबरोबर वहिनीने रुमाल तोंडाला लावला. दादाच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख तोंडावर आली होती आणि पैसे भरल्याशिवाय हॉस्पिटल दाखल करून घ्यायला तयार नव्हतं. घरातलं होतं नव्हतं ते तपासण्यांतच संपलं होतं. लोकांनी दिलेलं परत गेलं तर ऑपरेशनही गेलं, हे त्या बाकावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केल्यापासून दादाचा पलंग मागच्या डार्करूममध्ये हलवला होता. तिथे आता फिल्म धुवायला काही उरलं नव्हतं, तेव्हा दादाच झोपायचा. मधलं दार पातळ. म्हणून सगळे दबक्या आवाजात भांडत होते. भाऊ सोडून.

"मी मेलो होतो का?" भाऊ म्हणाला. "सख्खा भाऊ चार गल्ल्यांपलीकडे दुकान टाकून बसलाय, आणि तुम्ही जगापुढे हात पसरता? आणि मला कुणाकडून कळतं? पंखा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून! फोन माझ्या नाकासमोर धरून विचारतो, हे तुमचेच थोरले बंधू ना? काय सांगू मी त्याला? पंख्याची किंमत सांगितली आणि गप्प बसलो."

"भावजी, हळू," वहिनी म्हणाली.

"आता कसलं हळू वहिनी? गावभर झालं सगळं."

भाऊचा राग खरा होता, यात आक्काला शंका नव्हती. पण कुठेतरी पाणी मुरत होतं. दादाचं दुखणं कळल्यावर भाऊ आला होता की. फळं घेऊन आला, 'काही लागलं तर सांगा' म्हणाला आणि खुर्ची पुढे करेपर्यंत निघूनही गेला. वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी तिऱ्हाइतासारखे बोलायचे. हवापाणी, तब्येत, बरं येतो. त्यात 'लागलं तर' म्हणजे किती आणि 'सांगा' म्हणजे कुणी, हे विचारायचं कुणी?

"काका," सूनबाई म्हणाली, "तक्रार कुणी केली ते मला ठाऊक नाही. पण फोटोची लाज कुणाला वाटत होती ते दिसतंय."

"म्हणजे? मी केली म्हणतेस?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"अगं ए!" गुंड्या कळवळून म्हणाला. आक्काचा हा भाचा चांगला बाप्या झाला होता, केस विरळ व्हायला लागले होते, पण घरात अजून गुंड्याच. बायको आणि काका यांच्यात बसायची जागा त्याला कुणी दिली कोण जाणे. दोन्हीकडून कोपर लागत होतं बिचाऱ्याला. "काकांना कशाला मधे ओढतेस? लग्नवाल्याने केलीय ना तक्रार! आणि खोटं काय आहे त्यात? बाबा नुसते उभे राहिले की ठणठणीतच दिसतात. झडप काय बाहेरून दिसते?"

"दिसत नाही ना?" भाऊ त्याच्याकडे वळला. "मग फोटोत कशी दिसायला लागली? कुणी केलं हे?"

आक्काने गुंड्याकडे बघितलं.

आक्काला वाटलं, आता तरी हा पोरगा बोलेल. गेले कित्येक दिवस तिच्या मनात पाल चुकचुकत होती. पहिल्यांदा आवाहनावर दादाचा कोटातला फोटो होता, हसरा. त्यावर लोकांनी चार शुभेच्छा दिल्या आणि पुढे गेले. मग एका सकाळी तिथे हा दुसरा फोटो आला. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, ओठ पांढुरके. आणि पैशांचा ओघ सुरू झाला. आक्काने मोबाइलवर तो पाहिला मात्र, तिच्या बोटांना कळलं की यावर हात फिरलाय. उभं आयुष्य तिने दुसरं केलं काय? आधी निगेटिव्हवर पेन्सिलने, मग कॉम्प्युटरवर. देवीचे व्रण बुजवले, सुरकुत्या उतरवल्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावंडांना एका चौकटीत शेजारी उभं केलं. तिला वाटलं गुंड्याने केलं असणार, आणि ती तोंडात मूग धरून बसली. भावाचा जीव वाचत होता. कुठल्या तोंडाने विचारणार होती ती?

"बोल की गुंड्या," ती म्हणाली.

"मी काय बोलू आत्या?" गुंड्या तिच्याकडे बघतच राहिला. "तूच बोल ना."

"मी?"

"त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावला तर फोटो समोरच होता," सूनबाई खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं आत्यांनीच करून ठेवला, म्हणून मी तो टाकला. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही विचारलं नाही. आपलं काम झालं ना, म्हटलं."

घ्या! म्हणजे आक्का गप्प का, तर गुंड्याने केलं म्हणून. आणि गुंड्या गप्प का, तर आक्काने केलं म्हणून. एका घरात, एका छपराखाली, सगळे एकमेकांची अब्रू झाकत बसलेले.

"वन्सं," वहिनी पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघून बोलली, "तुम्हीच केलंत ना? खरं सांगा. मी रागावणार नाही. पण ह्यांना असं करून ठेवायचं... मला बघवलं नाही हो. मी एकदा पाहिला तो फोटो आणि फोन उपडा टाकला. जिवंत माणसाचं असं करतात का?"

"वहिनी, मी हात नाही लावला."

"मग दुसरं कोण आहे इथं ते काम येणारं?"

वहिनी रागावली असती तर आक्काने चार शब्द सुनावले असते. पण तिचा आवाज इतका मऊ होता की भांडायलाही जागा उरली नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारख्या राहिलेल्या नणंद-भावजया, आणि आज वहिनी तिच्याकडे चोर पकडल्यासारखी बघत होती.

"आक्का, केलं असशील तर सांगून टाक," भाऊ म्हणाला. त्याचाही आवाज आता उतरला होता. दुसरा अपराधी सापडला की माणूस जरा दयाळू होतो. "खुलाशात लिहू, घरच्या बाईकडून प्रेमापोटी झालं. संपलं."

"आणि मी म्हणते, केलं असेल तरी बिघडलं काय?" सूनबाई उसळली. "दुखणं खरं आहे ना? रिपोर्ट खरे आहेत ना? या भिंतीवरचे फोटो बघा. कोण होतं यांतलं इतकं गोरं? आयुष्यभर तुम्ही लोकांना आहेत त्यापेक्षा बरं दाखवलंत, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. एकदा एका माणसाला आहे तितकं आजारी दाखवलं, तर ते खोटं?"

"तेव्हा ते फोटोचे पैसे देत होते, बाई," भाऊ म्हणाला. "आता फोटो बघून लोक पैसे देतायत. फरक आहे."

आक्काला दोघांचंही पटत होतं. ती उठली आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. वहिनीला म्हणाली, "या इकडे. मोबाइलवर नको. इथं मोठा करून बघू."

"मला नाही बघायचं."

"बघा वहिनी. माझ्यावर आळ घेतलाय, आता बघावं लागेल."

फोटो पडद्यावर आला. आक्काने तो मोठा केला, अजून मोठा केला. काम बारीक होतं. डोळ्यांखालचं काळं नुसतं फासलेलं नव्हतं, खिडकीच्या उजेडाची बाजू सांभाळून उतरवलं होतं. गुंड्याच्या बापजन्मात हे जमलं नसतं. तो अजून सावली उजेडाच्या बाजूला टाकायचा. म्हणजे गुंड्या नाही. सूनबाईचा तर प्रश्नच नव्हता. आक्का गालावर सरकली, डाव्या, नाकाच्या कडेला. आणि तिचा हात थांबला.

"तीळ कुठाय?" वहिनी तिच्या खांद्यावरून म्हणाली.

दादाच्या डाव्या गालावर मुगाएवढा तीळ होता. जन्मापासूनचा. फोटोत तिथे नुसती कातडी होती, आणि ती कातडी इतकी बेमालूम की आजूबाजूची छिद्रंसुद्धा जुळवली होती.

"असं कसं झालं?" गुंड्या म्हणाला. "आजारी दाखवायला तीळ कशाला काढायचा?"

आप्पांनी या स्टुडिओत एक नियम घालून दिला होता. व्रण काढा, मुरमं काढा, गिऱ्हाइकाने पाय धरले तरी तीळ काढायचा नाही. तिळावरून माणूस ओळखतात. तो गेला की फोटोत उरतं ते दुसरंच कुणीतरी. आक्काने आजवर एकही तीळ काढला नव्हता. आणि काढायचाच झाला असता, तर असा काढणारे हात या जगात दोघांचेच होते. एक तिचे.

ती उठली. कुणाला काही न सांगता तिने डार्करूमचं दार ढकललं आणि आपल्यामागे लावून घेतलं.

दादा पलंगावर टेकून बसला होता. झोपला नव्हताच. आत लाल दिवा जाऊन पांढरा बल्ब आला होता, तरी खोलीला अजून औषधांचा जुना वास होता. आता औषधं वेगळी होती, एवढंच.

"सगळं ऐकलंस ना?" आक्का म्हणाली.

"भाऊचा आवाज आप्पांवर गेलाय."

"दादा, तीळ का काढलास?"

तो तिच्याकडे बघून हसला. लहानपणी तिने त्याची पतंगाची रीळ पळवली आणि त्याला कळलं, तेव्हा हसला होता तसाच. मग हसू गेलं.

"सापडला होय तुला."

"वहिनीला सापडला. त्या सगळ्यांनी मिळून मला चोर ठरवलं बाहेर. वहिनीने ठरवलं दादा! आणि तू इथं पडून ऐकत होतास? जीभ काय टाळूला चिकटली होती?"

"बोलणार होतो."

"कधी? पैसे परत गेल्यावर?"

दादाने आपले हात उलटसुलट करून बघितले. "ती पोरगी आली, म्हणाली, बाबा, आवाहन टाकते. मी हो म्हटलं. मरायचं नव्हतं मला, आक्का. पण तो कोटातला फोटो बघितला आणि अंगावर काटा आला. मी हसतोय, आणि खाली लिहिलंय, मदत करा. मी आयुष्यात शेजाऱ्याकडे साधी काडेपेटी मागितली नाही. ज्यांच्या बारशापासूनचे फोटो मी काढले, ती माणसं तो चेहरा बघणार. म्हणून म्हटलं, तीळ काढू. तीळ गेला की तो मी नाही. मागतोय तो दुसराच कुणीतरी."

"आणि डोळ्यांखालचं काळं? गाल?"

"तीळ काढला तरी मीच दिसत होतो गं. मग डोळ्यांखाली थोडं केलं. मग गाल आत घेतले. जसजसा परका होत गेला, तसतसं मला बरं वाटायला लागलं." तो थांबला. "आणि हो, मग पैसे यायला लागले. तेही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? रोज सकाळी विचारायचो, किती झाले."

आक्काला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला. "अरे, जे देतात ते माणसाला देतात. तू त्यांना माणूसच दिला नाहीस. आणि आपल्या घरातल्यांना एकमेकांच्या अंगावर सोडलंस. ऊठ. मागायचं असेल तर आपल्या तोंडाने माग."

"कुणाकडे?"

"बाहेर बसलाय ना एक. सकाळपासून ओरडतोय, मला का नाही मागितलं. त्याच्यापासून कर सुरुवात."

दादा उठला. दाराच्या चौकटीला हात लावून जरा थांबला, मग बाहेर आला. बाकावरची माणसं एकदम उभी राहिली. वहिनी त्याला धरायला पुढे झाली, पण त्याने हातानेच 'नको' म्हटलं.

"फोटो मी केला," तो म्हणाला. "आक्काने नाही, गुंड्याने नाही. मी."

वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने आक्काकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली.

दादा भाऊच्या समोर जाऊन उभा राहिला. दोघांमध्ये कॅमेऱ्याचा स्टँड तेवढा होता. "भाऊ, तुला मागितलं नाही, चुकलं माझं. आता मागतो. ते पैसे परत गेले तर मला ऑपरेशनला कमी पडतात. देशील का?"

इतकं साधं वाक्य. घरात इतकी वर्षं जे कुणी कुणाला बोललं नव्हतं ते एकदाचं बोललं गेलं होतं, आणि आक्काला मनापासून वाटलं, आता भाऊ पुढे होईल, मिठी मारेल, म्हणेल, अरे दादा, हे काय विचारणं झालं.

भाऊने खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी केली.

"बघतो," तो म्हणाला.

घडी केलेला रुमाल त्याने खिशात ठेवला.

"म्हणजे नाही असं नाही. आत्ताच माल भरलाय दुकानात. घरी विचारावं लागेल. तू असं अचानक... बघतो मी. नक्की बघतो."

"बघ," दादा म्हणाला. मग तो आक्काकडे वळला. आवाजात राग नव्हता, उलट ती लहान असताना काही समजावून सांगायचा तसा बोलला. "म्हणून गं आपल्या माणसाकडे मागितलं नाही. अनोळखी माणूस नाही म्हणतो, तो नुसता पुढे निघून जातो. आपला माणूस बघतो म्हणतो, आणि मग समोर बसून राहतो."

भाऊ खरंच खाली बसला. आता मघासारखा ओरडेल तर बरं, असं आक्काला वाटलं, पण त्याचा सगळा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. सकाळपासून त्याला दादाने मागायला हवं होतं. द्यायचं आहे की नाही, हे मात्र त्याने स्वतःला विचारलंच नव्हतं.

"आत्या, उजेड उतरायला लागला," सूनबाई हळूच म्हणाली. "काहीतरी उत्तर द्यावं लागेल."

आक्काने डोळे पुसले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढली. "दादा, बस इथं."

दादा बसला. सवयीने त्याने उजव्या बाजूचा गाल कॅमेऱ्याकडे केला. आक्काने त्याची हनुवटी धरून तोंड फिरवलं आणि तीळ उजेडात आणला. वहिनी मधे आली. तिने त्याची कॉलर सरळ केली, आणि जाता जाता आक्काच्या मनगटाला हात लावला, क्षणभरच, माफी मागायला शब्द सापडत नव्हते म्हणून.

"फ्लॅश नको," दादा म्हणाला. "आणि जरा खाली घे कॅमेरा. अजून."

"तू गिऱ्हाईक आहेस. गप्प बस."

त्यावर तो हसला, आणि त्याच वेळी आक्काने बटण दाबलं.

फोटो पडद्यावर आला तशी सगळी भोवती गोळा झाली. भाऊसुद्धा मागे येऊन उभा राहिला. विरळ केस, तीळ, आणि चांगला धडधाकट दिसणारा एक हसरा म्हातारा.

"हे कसं चालेल?" गुंड्या रडकुंडीला आला. "हा बघून कोण ठेवेल पैसे? सगळे परत मागतील, आत्या. थोडं तरी... अगदी थोडं..."

आक्काचा हात माउसवर होता. डोळ्यांखाली दोन हलके हात फिरवले असते तर झालं असतं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि भावाचा जीव त्या दोन हातांवर होता. ती तशीच बसून राहिली. मग तिने हात काढून मांडीवर ठेवला.

"आहे तसा टाक," दादा म्हणाला. "आणि खाली लिही. आधीचा फोटो मीच बनवला होता. ज्यांना फसल्यासारखं वाटत असेल त्यांनी पैसे परत घ्यावेत, माझी तक्रार नाही. दुखणं खरं आहे, रिपोर्ट सोबत आहेत. फोटोत दिसतं तेवढंच दिसतं बाहेरून."

सूनबाई भराभरा लिहीत होती. "झालं? एवढंच?"

दादाने पडद्यावरच्या दोन्ही चेहऱ्यांकडे बघितलं, तीळ असलेल्या आणि नसलेल्या. भाऊ त्याच्या अगदी मागे उभा होता.

"अजून एक ओळ लिही," दादा म्हणाला. "आधीच्या फोटोतला, तुमच्यापुढे हात पसरणारा माणूसही मीच आहे."